पदवी झाली, आता पुढं काय? सांगली-सातारच्या फिजिक्स आणि इंजिनिअरिंगवाल्यांसाठी

२०१४ च्या जूनमध्ये माझा एम.एस्सी. फिजिक्सचा निकाल लागला. पेढे वाटून झाले, शेजारच्या काकू येऊन गेल्या आणि रात्री जेवताना आप्पांनी विचारलं, "मग बाळ, आता पुढं काय?" त्या प्रश्नाला धड उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली. दोन वर्षं कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासावर पैसे मिळतात अशा नेमणुकीवर, तास घेण्यात गेली. मधले काही महिने आणि आप्पांनी सोसायटीतून उचललेले २५ हजार रुपये पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत गेले. आज मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये (मोजमापाची साधनं तपासणाऱ्या) काम करते आणि एफ.वाय.ला शिकलेलं फिजिक्स मला रोज लागतं. तासगावहून एसटीने सांगलीला कॉलेजला जात होते, तेव्हा असं काही काम असतं हे मला माहीतच नव्हतं. ते काम माझ्या वर्गापासून सहा-सात किलोमीटरवर चालू होतं.

माझा धाकटा भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर. तो वेगळ्या ठिकाणी अडखळला. आमच्या दोघांच्या अनुभवातून आणि नंतर लॅबमध्ये मुलाखतीला आलेल्या पोरापोरींकडे बघून जे कळलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १: आधी कागद, मग अर्ज

निकालानंतरचे पहिले दोन आठवडे यालाच द्या. जाहिरात आल्यावर दाखला काढायला धावलं की शेवटची तारीख हमखास निघून जाते. लागणारे कागद असे:

- दहावीचं प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी बहुतेक भरत्यांत हेच मागतात) आणि शाळा सोडल्याचा दाखला
- बारावीचं आणि सगळ्या सेमिस्टरचं गुणपत्रक
- पदवी प्रमाणपत्र. पदवीदान समारंभ व्हायचा असेल तर तोवर प्रोव्हिजनल
- सीजीपीएचे टक्के कसे काढायचे याचं विद्यापीठाचं पत्र किंवा सूत्र
- डोमिसाईल
- जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जे लागू असेल ते
- आधार, पॅन आणि जमलं तर पासपोर्ट

यात तीन ठिकाणी लोक अडकतात.

पहिली अडचण नावाची. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नावच नाही. अर्ज भरताना दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच नाव घाला आणि आधार-पॅन त्याच्याशी जुळवून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला फाईलला लावून ठेवावा. माझ्या एका मैत्रिणीला कागदपत्र तपासणीच्या टेबलावरून याच कारणाने परत यावं लागलं.

दुसरी अडचण राज्य आणि केंद्र यांच्या नमुन्यांची. तहसीलमधून मिळालेला नॉन-क्रिमीलेअर राज्याच्या भरतीला चालतो. केंद्राच्या भरतीला ओबीसीचा वेगळा, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. एसईबीसीचा दाखला केंद्रात चालत नाही. ईडब्ल्यूएसच्या अटीत बसत असाल तर तिथे केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढावा लागतो आणि तो त्या आर्थिक वर्षापुरताच असतो. सेतूत अर्ज करतानाच "केंद्राच्या नमुन्यात हवा" असं स्पष्ट सांगा. जाहिरातीबरोबर नमुना जोडलेला असतो, त्याची प्रिंट घेऊनच जा.

तिसरी अडचण पाण्याची. कृष्णाकाठी राहणाऱ्यांना यातलं काही समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीवाडीतल्या माझ्या एका वर्गमित्राची सगळी गुणपत्रकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात भिजून लगदा झाली. विद्यापीठातून दुसऱ्या प्रती मिळेपर्यंत त्याचे कित्येक महिने गेले. मूळ कागद जाड प्लॅस्टिकच्या पाकिटात, माळ्यावर. सगळ्याचं स्कॅन मेलवर आणि डिजिलॉकरमध्ये. हे आजच्या आज होण्यासारखं आहे.

पायरी २: हाताला काय येतं ते लिहून काढा

कोरा कागद घ्या. वर पदवीचं नाव लिहू नका. आपण प्रत्यक्ष काय केलंय तेवढंच लिहा. फिजिक्सवाल्यांची यादी त्यांना वाटते त्यापेक्षा लांब निघते: ऑसिलोस्कोपवर सिग्नल पाहता येतो, स्पेक्ट्रोमीटर लावता येतो, वाचनांमधली चूक काढून ती उत्तरात कशी पुढं जाते ते मांडता येतं, आलेखावरून उतार काढता येतो, थोडं पायथन येतं. आम्ही प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण करायची म्हणून हे करतो आणि विसरून जातो. पण "माझ्या वाचनात चूक किती" हे सांगता येणं हे कौशल्य आहे आणि त्याचे पैसे मिळतात.

इंजिनिअरिंगवाल्यांना इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेतला असेल तर तो या यादीत येत नाही. माझ्या भावाच्या ग्रुपने तेच केलं होतं. पहिल्याच मुलाखतीत समोरच्या साहेबांनी विचारलं, "या शाफ्टचा व्यास २५ का घेतला? २० का नाही?" चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. नंतर भावाने गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात दोन महिने बसून ऊस लागणीच्या एका अवजाराची दुरुस्ती करून दिली, त्याचं ड्रॉइंग स्वतः काढलं आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तेच दाखवलं. तुमचाही प्रोजेक्ट विकतचा असेल तर अजून वेळ गेलेली नाही. एक छोटं, खरं काम स्वतःच्या हाताने करा.

यादी झाली की शेजारी तीन गोष्टी लिहा: घरातून महिन्याला किती पैशांची अपेक्षा आहे, किती दिवस कमाईशिवाय थांबता येईल, आणि गाव सोडता येईल का. खाली दिलेल्या रस्त्यांतला कोणता आपला, हे या तीन उत्तरांवर ठरतं. हुशारीचा प्रश्न त्यानंतर येतो.

पायरी ३: रस्ते किती आणि कुठले

संशोधन. एकाच प्रश्नाशी महिनोन्महिने बसायला ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी. बी.एस्सी.नंतर आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम परीक्षा. एम.एस्सी.नंतर सीएसआयआर नेट, गेट, जेस्ट या परीक्षा. नेटमधून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, म्हणजे घरी पैसे मागावे लागत नाहीत. पुण्यात आयुका, एनसीआरए, आयसर, आयआयटीएम (हवामानशास्त्राची) आणि मुंबईत टीआयएफआर, या संशोधन संस्थांची नावं बहुतेकांना माहीत असतात. सातारा जिल्ह्यातल्या दोन जागा मात्र आपल्याच पोरांना ठाऊक नसतात. महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी आयआयटीएमची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. पावसाळ्यात ढग तिथे अक्षरशः दारात येतात, म्हणून ती तिथे आहे. दुसरी कराडजवळ हजारमाचीला, केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची बोअरहोल जिओफिजिक्स प्रयोगशाळा. १९६७ च्या कोयना भूकंपापासून त्या भागात धक्के बसतच आले आहेत. धरणाच्या पाण्याचा आणि या धक्क्यांचा संबंध जमिनीत खोल छिद्रं घेऊन तपासण्याचं काम तिथून चालतं. अशा संस्थांत प्रकल्पावर ठरावीक मुदतीच्या जागा निघतात. पीएच.डी. करायची की नाही हे ठरत नसेल तर अशा जागेवर वर्षभर काम करून बघणं हा उत्तम मार्ग आहे. संस्थेच्या वेबसाइटवरचं भरतीचं पान दर पंधरा दिवसांनी बघत जा. ही जाहिरात पेपरात येईलच असं नाही.

भाभा अणुसंशोधन केंद्र. १९५७ पासून चालणारी त्यांची ट्रेनिंग स्कूल इंजिनिअर आणि फिजिक्सचे एम.एस्सी. दोघांनाही घेते. किमान ६० टक्के लागतात. निवड गेटच्या गुणांवर होते (त्यांची स्वतःची परीक्षाही आहे का ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा), नंतर मुलाखत. तिथे एकच विषय धरून खोल खोल विचारत नेतात. म्हणून दहा विषय वरवर वाचण्यापेक्षा तीन विषय मुळापासून करा.

मेडिकल फिजिक्स. या रस्त्याबद्दल मी प्रत्येक एम.एस्सी.च्या मुलामुलीला सांगते, कारण मला तो वेळेवर कुणी सांगितला नाही. कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देताना किती, कुठल्या कोनातून आणि किती वेळ द्यायचं याची आखणी आणि मशीनची तपासणी मेडिकल फिजिसिस्ट करतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांप्रमाणे रेडिओथेरपी विभागात तो असावाच लागतो. मिरज, कराड, कोल्हापूर या आपल्याच पट्ट्यात मोठी रुग्णालयं आहेत, तेव्हा हे काम घराजवळही मिळू शकतं. रस्ता असा: एम.एस्सी. फिजिक्स, मग रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा (भाभा केंद्रात होतो, काही विद्यापीठांतही आहे), मग रुग्णालयात एक वर्ष इंटर्नशिप, मग रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची परीक्षा. डिप्लोमाच्या जागा थोड्या असतात, म्हणून एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच तयारी धरा. बी.एस्सी.ला गणित सुटू देऊ नका, प्रवेशाला ते लागतं.

कारखाने, फौंड्री, लॅब. हे माझं क्षेत्र, म्हणून जरा सविस्तर सांगते. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात फौंड्रींची दाटी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना वसवला तेव्हापासून लोखंड ओतणं आणि घडवणं या भागाच्या अंगात आहे. जिथे कास्टिंग आलं तिथे तपासणी आली, आणि तपासणी म्हणजे फिजिक्स.

भट्टीतल्या रसाचा नमुना घेऊन स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी पाडतात आणि प्रकाशाच्या रेषांवरून कार्बन, सिलिकॉन, मँगनीज किती ते काही सेकंदांत वाचतात. अणूंच्या स्पेक्ट्राचा तो धडा आपण परीक्षेपुरता वाचलेला असतो. कास्टिंग न फोडता आतली पोकळी किंवा तडा शोधणं म्हणजे एनडीटी: डोळ्यांनी तपासणी, डाय पेनिट्रंट, मॅग्नेटिक पार्टिकल, अल्ट्रासोनिक आणि रेडिओग्राफी. याची लेव्हल १, लेव्हल २ अशी प्रमाणपत्रं असतात आणि लेव्हल २ वाल्याला स्वतः निकाल देता येतो. रेडिओग्राफीसाठी मात्र भाभा केंद्राच्या अभ्यासक्रमाचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा) लावल्याशिवाय किरणोत्सर्गी सोर्सजवळ जायचं नाही. तिथे बऱ्याचदा इरिडियम-१९२ वापरतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७४ दिवस, म्हणजे अडीच महिन्यांनी त्याच फिल्मला जवळपास दुप्पट वेळ द्यावा लागतो. हा हिशोब फिजिक्सवाल्याला शिकवावा लागत नाही.

आणि कॅलिब्रेशन. कारखान्यातलं प्रत्येक मोजमापाचं साधन, मग ते वर्नियर असो, मायक्रोमीटर, प्रेशर गेज की थर्मोकपल, ठरावीक मुदतीने खऱ्या मापाशी ताडून बघावं लागतं. लांबीची मापं जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात. आता आपल्याकडचा एप्रिल आठवा. १०० मिलिमीटरचा पोलादी स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) १० अंशांनी तापला तर सुमारे साडेअकरा मायक्रॉन वाढतो, आणि आम्ही तर एकेका मायक्रॉनसाठी भांडतो. म्हणून लॅब बारा महिने २० अंशांवर ठेवलेली असते. मी एप्रिलमध्येही स्वेटर घालून काम करते. मोजमापात अनिश्चितता किती, ती कुठून कुठून आली, याचा तक्ता मांडणं हे या कामाचं मर्म. एनबीएल नव्हे, एनएबीएल हे नाव नीट लक्षात ठेवा. लॅबना मान्यता ती देते, आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे. त्या मानकाची तोंडओळख करून गेलात तर मुलाखतीत तुम्ही निम्मी बाजी मारलेली असते. सुरुवातीचा पगार थोडा असतो, हे लपवत नाही. माझा ११,५०० होता. पण चार-पाच वर्षांत लॅबच्या प्रमाणपत्रांवर सही करायचा अधिकार मिळाला की परिस्थिती बदलते, आणि हे काम पुणे, बेंगळुरू, आखात, कुठेही चालतं.

मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्यांनी साखर कारखान्यांचे कोजन (वीजनिर्मितीचे) प्रकल्पही बघावेत. अनुभवाची अट पूर्ण झाली की बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची परीक्षा देता येते आणि ते प्रमाणपत्र असलेल्या माणसाला हंगामात काय, हंगामाबाहेर काय, मागणी असते. साताऱ्यात चाळकेवाडी, वनकुसवडे आणि इकडे ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, तिथे साइट इंजिनिअर लागतात. उंचीची भीती असेल तर मात्र त्या वाटेला जाऊ नका.

सरकारी परीक्षा. इंजिनिअरांना यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा (सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम या चारच गटांना), एमपीएससी, महावितरण-महापारेषण-महानिर्मिती, एसएससीची (केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची) ज्युनिअर इंजिनिअर, गेटवरून केंद्राच्या कंपन्या. फिजिक्सवाल्यांना हवामान खात्यातली सायंटिफिक असिस्टंट ही जागा, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. माझं मत स्पष्ट आहे: ठरवून दोन प्रयत्न द्या, आणि तोवर हाताला काहीतरी काम ठेवा. पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन सहा वर्षं काढलेले आणि मग तिशीत फ्रेशर म्हणून आमच्या दारात उभे राहिलेले लोक मी पाहिलेत. त्यांना परत पाठवताना फार वाईट वाटतं.

शिकवणं. ज्युनिअर कॉलेजसाठी एम.एस्सी.बरोबर बी.एड., सीनिअरसाठी नेट किंवा सेट. सेट-नेट नसताना सीएचबीवर जाणार असाल तर जाताना स्वतःला तारीख घालून घ्या. मी घातली नव्हती. तासावर पैसे, तेही काही महिन्यांनी एकदम, सुट्टीत काहीच नाही, आणि "पुढच्या वर्षी जागा निघणार आहे" हे वाक्य दर जूनला. शिकवायची खरी आवड असेल तर नीट-जेईईच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्याला सीएचबीपेक्षा बरे पैसे मिळतात.

आयटी. याबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे. एवढंच सांगते: लाखभर रुपये भरून डेटा सायन्सचा कोर्स करण्याआधी एनपीटीईएलवरचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) पायथनचा कोर्स फुकट करून बघा. परीक्षा द्यायची तरच शुल्क पडतं, तेही थोडं. तीन आठवड्यांत कंटाळा आला तर लाख रुपये वाचले.

पायरी ४: तारखा भिंतीवर लावा

कॅलेंडर घ्या आणि लाल पेनाने लिहा. गेट आणि जॅम दोन्ही फेब्रुवारीच्या आसपास होतात आणि त्यांचे अर्ज आदल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये भरले जातात. इथेच सगळ्यात जास्त मुलं चुकतात. गणपतीच्या धामधुमीत अर्ज राहून गेला असं दरवर्षी कुणीतरी सांगतं. नेट साधारण जून आणि डिसेंबरची. गेटला तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण, त्यातले १५ जनरल ॲप्टिट्यूडचे, आणि तेच फिजिक्सवाले हलक्यात घेतात. गुण तीन वर्षं चालतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून बसता येतं, म्हणून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात एकदा देऊन बघा. पहिल्यांदा फक्त परीक्षा कशी असते ते कळलं तरी पुरे.

पायरी ५: एमआयडीसी पायाखाली घाला

ऑनलाइन अर्जांवर विसंबून राहू नका. आपल्याकडच्या पुष्कळ लहान-मध्यम कारखान्यांची जाहिरात कुठेच येत नाही. त्यांच्या गेटवर एक पाटी लागते, बस्स. एक आठवडा काढा: कुपवाड, मिरज, पलूस, किर्लोस्करवाडी. सातारकरांनी सातारा एमआयडीसी, कराड आणि शिरवळ. एसटी जाते तिथे एसटीने, नाही तिथे वडापने (शेअर जीपने).

जाताना:

- सीव्हीच्या पंधरा प्रती आणि एक वही
- सकाळी दहा ते साडेअकराची वेळ; शिफ्ट बदलायच्या वेळी कुणी बोलत नाही
- गेटवरच्या वॉचमन काकांशी आदराने बोला. कुणाला भेटायचं, एचआर कधी येतात, हे त्यांनाच माहीत असतं
- एचआर भेटले नाहीत तर क्वालिटी किंवा मेंटेनन्सच्या साहेबांचं नाव विचारून घ्या

वहीत कंपनीचं नाव, काय बनवतात, कुणाशी बोललात, पुन्हा कधी यायला सांगितलं, एवढं लिहा. मी २३ गेटवर गेले होते. १९ ठिकाणी सीव्ही ठेवून घेतला, ४ ठिकाणी आत बोलावलं, एका ठिकाणी काम मिळालं. पहिल्या दिवशी फार संकोच वाटला. चौथ्या दिवशी वाटला नाही.

मुलींसाठी एक: सेकंड शिफ्ट आहे का, रात्री कंपनीची गाडी सोडते का, हे पहिल्याच भेटीत विचारा. विचारलं म्हणून कुणी नकार देत नाही, आणि दिला तर ती जागा आपली नव्हतीच.

थेट नोकरी मिळत नसेल तर ॲप्रेंटिसशिप धरा. पदवीधरांसाठी नॅट्स नावाची केंद्राची योजना आहे. तिच्या पोर्टलवर नोंदणी करायची, एक वर्ष काम, शेवटी सरकारचं प्रमाणपत्र. २०१९ च्या नियमांत पदवीधरांना किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. आत्ताचा आकडा पोर्टलवर बघून घ्या. फक्त पासआऊट होऊन फार वर्षं झालेली चालत नाहीत, तेव्हा हा पर्याय "नंतर बघू" म्हणून ठेवू नका. राज्याच्या महास्वयम पोर्टलवरही नाव घाला, जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे येते.

पायरी ६: सीव्ही आणि मुलाखत

सीव्ही एक पान. "मेहनती, प्रामाणिक, लवकर शिकणारा" हे काढून टाका. दुसऱ्या पायरीतली यादी तिथे घाला. कॅलिब्रेशनला अर्ज करताना प्रॅक्टिकल वर, आयटीला करताना पायथन वर. एकच सीव्ही सगळीकडे पाठवू नका.

मुलाखत घ्यायला बसणारी म्हणून सांगते: आम्ही अवघड काही विचारत नाही. वर्नियरचा लीस्ट काउंट कसा काढलास? तोच तुकडा पाच वेळा मोजला आणि पाच वेगळी उत्तरं आली, तर काय सांगशील? इंजिनिअर असेल तर ड्रॉइंग समोर ठेवतो आणि "२५ एच७" वर बोट ठेवतो. हे छिद्र २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या मध्ये हवं, एवढंच उत्तर आहे. डिस्टिंक्शनवाल्यांना येत नाही आणि सहा महिने वर्कशॉपमध्ये घालवलेल्या पोराला येतं, असं मी कितीदा पाहिलंय. येत नसेल तर "येत नाही, पण असं असावं असं वाटतं" म्हणा. गोलगोल उत्तर दिलं की समोरच्याला लगेच कळतं.

इंग्रजीची धास्ती असते, मलाही होती. स्वतःची ओळख, प्रोजेक्ट आणि एक प्रॅक्टिकल, एवढं इंग्रजीत मोठ्याने बोलायचा सराव करा, आरशासमोर नको, माणसासमोर. आमच्या भागातल्या बहुतेक मुलाखती पाच मिनिटांत मराठीवर येतात.

पायरी ७: फसवणूक ओळखा

माझे २५ हजार गेले ते असे. "रजिस्ट्रेशन" म्हणून दोन हजार, मग "ट्रेनिंग", मग "डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन". प्रत्येक वेळी रक्कम थोडीच, आणि आधीची वाया जाऊ नये म्हणून पुढची भरली. शेवटी ऑफर लेटर आलं. त्या पत्त्यावर गेले तर तिथे तशी कंपनीच नव्हती. आप्पा एका शब्दाने बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

तेव्हा हे पाळा:

- नोकरीसाठी उमेदवाराने पैसे द्यायचे नसतात. कुठल्याही नावाखाली नाही.
- "शंभर टक्के प्लेसमेंट" लिहिलं असेल तर गेल्या बॅचमधल्या तिघांना स्वतः फोन करा.
- ऑफर लेटर साध्या जीमेलवरून आलं तर कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर काढून खात्री करा.
- मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायची नाहीत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायची.
- सही केलेला कोरा चेक द्यायचा नाही.
- खोटं अनुभवपत्र घ्यायचं नाही. मोठ्या कंपन्या पीएफच्या नोंदीवरून तपासतात आणि सापडलं की नोकरी जाते.
- रेल्वेत, महावितरणमध्ये "सेटिंग" आहे म्हणणारा माणूस नात्यातला असला तरी हात जोडून नाही म्हणा.

पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवा आणि पोलिसांत तक्रार द्या. मी दिली नाही, आणि माझ्यानंतर तिथे आणखी पोरं अडकली.

पायरी ८: ऑफर लेटर वाचून मगच सही

सीटीसी म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, कधी जेवण आणि बसचे पैसेही धरलेले असतात. "इन हँड किती?" हे सरळ विचारा. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ तुमच्याकडून कापला जातो. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार विमा) लागू होतो का ते विचारा; आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या दवाखान्याला तो फार उपयोगी पडतो. प्रोबेशन किती महिने, नोटीस किती दिवसांची, बॉण्ड असेल तर किती वर्षांचा आणि मोडल्यास किती रक्कम, हे चार आकडे वहीत उतरवून मगच सही करा. तोंडी सांगितलेलं "सहा महिन्यांनी वाढवू" पत्रात नसेल तर ते धरू नका.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात यूएएन (पीएफ खात्याचा) नंबर मागून घ्या आणि पीएफ खरंच भरला जातोय का ते मोबाईलवर बघा. पगाराची प्रत्येक स्लिप मेलवर ठेवा. आणि नोकरी बदलाल तेव्हा राजीनाम्याच्या पत्रातच शेवटचा दिवस आणि रिलीव्हिंग लेटरची मागणी लेखी घाला. मी तोंडी सांगून निघाले होते, आणि पहिल्या लॅबचं अनुभवपत्र हातात पडेपर्यंत त्या गेटवर मला चार महिने खेटे घालावे लागले.